डोक्यातलं एक-दोन-तीन कधी थांबतं? (स्विंग नाच शिकणाऱ्यांसाठी धागा)

मुग्धा_र

नमस्कार मंडळी,

गेले सात महिने मी एका नाचगटात लिंडी हॉप (स्विंग जॅझवरचा जोडीने करायचा नाच) शिकतेय. आठवड्यातून एकदा तासभर वर्ग आणि लगेच त्यानंतर दीड-दोन तास सोशल, म्हणजे खुला नाच. गाणी लागत राहतात, कुणीही कुणालाही विचारायचं आणि नाचायचं. शिकवणारे कुणी व्यावसायिक नाहीत, जे दोन-चार वर्षं आधी आले ते मागून आलेल्यांना शिकवतात. मी लीडची, म्हणजे जोडीत पुढची हालचाल सुचवणाऱ्याची, बाजू घेतली, कारण पहिल्या दिवशी त्या रांगेत माणसं कमी होती. आता तीच आवडते.

अडचण अशी आहे. वर्गात सगळं जमतं. स्विंगआउट (जोडीदाराला आत घेऊन पुन्हा बाहेर सोडणं) होतो, वळणं होतात, चार्ल्स्टनही (पाय झोकत टाकायची पावलं) बऱ्यापैकी येतो. पण सोशलला गाणं लागलं की मी मनात मोजायला लागते. रॉक स्टेप (मागे जाऊन परत पुढे), ट्रिपल स्टेप (तीन झटपट पावलं), स्टेप, स्टेप, ट्रिपल स्टेप. एक ते आठ, पुन्हा एक ते आठ. त्यातच पुढचा मूव्ह ठरवायचा, मागून कुणी जोडी येत नाही ना ते बघायचं, समोरच्या माणसाकडेही बघायचं. गाणं संपतं तेव्हा लक्षात येतं की गाणं ऐकलंच नाही.

मागच्या आठवड्यात एका जुन्या सभासदाबरोबर नाचत होते, तो फॉलो, म्हणजे लीडच्या समोरची बाजू, करत होता. गाण्यात एका जागी सगळी वाद्यं एकदम थांबली. तो माझा हात धरून तिथल्या तिथे थबकला, डोळे मोठे करून. मी मात्र पाच-सहा-सात करत पुढे निघालेली. दोघंही हसलो, काही बिघडलं नाही. पण घरी येईपर्यंत तेच मनात होतं. त्याला ती जागा ऐकू आली, मला आली नाही.

तर प्रश्न: हे मोजणं थांबतं का? आपलं आपण थांबतं की त्यासाठी काही करावं लागतं? अजून मूव्हज शिकले तर सुटेल का?

निशिगंध

वाचतेय. रुमाल टाकून ठेवते, रात्री निवांत लिहीन. मी फॉलो करते आणि मला दुसऱ्या बाजूने यावर बरंच म्हणायचंय.

हेरंब

सात महिने म्हणजे काहीच नाही हो. थांबतं. माझं दीड वर्षाने थांबलं.

पण आपलं आपण थांबेल म्हणून बसून राहू नका. पायांचा सराव घरी एकटीने करायचा. रोज दहा मिनिटं पुरतात. ट्रिपल स्टेप, फक्त ट्रिपल स्टेप, उजवीकडे-डावीकडे, मग पुढे-मागे, मग वळत. मिनिटाला १२०-१३० ठोक्यांचं गाणं लावा, जमलं की १५० वर जा. पाय स्वतःचे स्वतः पडायला लागले की डोकं मोकळं होतं. जोडीने नाचताना पाय शिकायचे नसतात, ते आधीच शिकून यायचं.

ओंकार_देव

हेरंब +१. आणि मूव्हज वाढवण्याच्या प्रश्नावर माझं मत उलटं आहे. कमी करा. एका सोशलला फक्त चार मूव्हज करायचे असं ठरवून जा. स्विंगआउट, सर्कल, एक साधं सहा मोजण्यांचं वळण आणि साइड-बाय-साइड चार्ल्स्टन. संध्याकाळभर तेवढंच. "आता पुढे काय करू" हा प्रश्न गेला की अर्धं ओझं उतरतं.

केतकी७

चारच मूव्हज तर फॉलो करणारा कंटाळणार नाही का?

ओंकार_देव

मलाही तीच भीती होती. म्हणून आमच्या गटातल्या तिघी-चौघींना सरळ विचारलं. एकीनेही मूव्हज कमी पडतात असं म्हटलं नाही. घट्ट पकड, दंडाला झटका, आणि नाचताना चेहऱ्याकडे न बघता जमिनीकडे बघणं, या त्यांच्या तक्रारी.

तालवेडा

मी ड्रम वाजवतो, नाचायला लागून चार वर्षं झाली. मुग्धाताईंच्या प्रश्नात एक गाठ आहे आणि ती संगीताच्या बाजूने सुटते असं मला वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही आठ मोजता. पण त्या काळची बरीचशी गाणी बत्तीस मात्रांच्या तुकड्यांनी बांधलेली असतात. असे चार तुकडे मिळून एक आवर्तन. पहिले दोन तुकडे एकाच सुरावटीचे, तिसरा वेगळा (त्याला ब्रिज म्हणतात) आणि चौथा पुन्हा पहिल्यासारखा. म्हणजे एका तुकड्यात तुमचे चार स्विंगआउट, आणि अख्ख्या आवर्तनात सोळा. मिनिटाला १६० ठोके असतील तर हे आवर्तन ४८ सेकंदांत संपतं. तेव्हाच्या दहा इंची तबकडीवर एका बाजूला साधारण तीन मिनिटांचं गाणं मावायचं, त्यामुळे असं आवर्तन गाण्यात तीन-चार वेळा येतं. एकदा हा घाट कानात बसला की ब्रिज कधी येणार, शेवट कधी येणार हे आधी जाणवायला लागतं. वाद्यं थांबण्याच्या जागाही पुष्कळदा अशा तुकड्यांच्या शेवटीच असतात.

आता गाठ. वर्गात सहा मोजण्यांचे मूव्हजही शिकवतात: रॉक स्टेप, ट्रिपल, ट्रिपल. गाणं आठात चाललंय आणि तुम्ही मध्येच सहाचा मूव्ह घेतला की तुमचा "एक" आणि गाण्याचा "एक" वेगळे पडतात. नवीन माणूस इथेच घाबरतो, आपलं चुकलं असं त्याला वाटतं. चुकलेलं काहीच नसतं! चार सहा म्हणजे चोवीस, म्हणजेच तीन आठ. चार सहाचे मूव्हज आणि एक आठाचा असे जोडले की बरोबर बत्तीस होतात आणि तुम्ही तुकड्याच्या तोंडाशी परत समेवर. मध्ये वेगळं पडणं हा तर या नाचाचा श्वास आहे.

बारा बारचे (बार म्हणजे चार मात्रांचं घर) ब्लूज निराळे. तिथे ४८ मात्रा, म्हणजे सहा आठ. त्यांचा घेर आखूड असतो, चारच्या हिशेबाने नाचत राहिलात तर वळणाच्या जागा हुकतात.

आणि एक साधी परीक्षा: गाण्याबरोबर टाळी वाजवून बघा. टाळी एक-तीनवर पडते की दोन-चारवर? स्विंगमध्ये ती दोन-चारवर पडायला हवी. ती तिथे बसली की अंगातली उसळी आपसूक बदलते.

चंद्रकोर

तालवेडा, फार सुंदर समजावलंत, वाचनखूण साठवली. पण माझा विरोध नोंदवते. मुग्धाला आठ मोजायचे थांबवायचेत आणि तुम्ही तिला बत्तीस मोजायला दिलेत!

मी स्वतः यातून गेलेय. कुणीतरी असंच शिकवलं आणि मी पुढचे तीन महिने नाचताना "हा दुसरा तुकडा, आता ब्रिज" असं करत होते. नाच आणखी कोरडा झाला. मोजायचा आकडा मोठा झाला, एवढंच.

तालवेडा

चंद्रकोर, मान्य. माझं सांगणं अपुरं राहिलं. हे नाचताना करायचंच नाही. नाचायच्या आधी, बसून, फक्त कानांनी करायचं. आवडतं एक गाणं घ्या आणि वीस-तीस वेळा ऐका, चालताना, कामं करताना. तोंडाने गुणगुणता आलं पाहिजे. गुणगुणता येणारं गाणं मोजावं लागत नाही. ओळखीच्या जिन्यावर किती पायऱ्या आहेत ते कुठे मोजतो आपण, पाय बरोबर शेवटच्या पायरीवर थांबतात.

सुमनमावशी

मुली, मी तुला माझं सांगते. मी अठ्ठावन्नाव्या वर्षी सुरुवात केली, आता त्रेसष्ट पूर्ण. मला मोजणं कधी जमलंच नाही, त्यामुळे ते थांबायचाही प्रश्न आला नाही. मी नाचताना तोंडातल्या तोंडात गाते. शब्द येत नाहीत, नुसतं डु-बा-डु-बा. बरोबर नाचणाऱ्यालाही ते ऐकू जातं आणि बरेचदा तोही सुरू करतो. मग दोघांचं एकच गाणं होतं, पाय त्यामागून येतात.

गुडघ्यांमुळे आता जलद लिंडी हॉप झेपत नाही. त्यावर मला बॅल्बोआ सापडला. तोही स्विंगच. दक्षिण कॅलिफोर्नियात गर्दीने भरलेल्या नाचघरांत तो वाढला. हातपाय फेकायला जागाच नव्हती, म्हणून जवळ उभं राहून, बारीक पावलांनी, छातीशी छाती लावून नाचायचे. माझ्या वयाला अगदी मानवतो, गाणं कितीही पळालं तरी दम लागत नाही. ज्यांचे गुडघे किंवा कंबर कुरकुरते त्यांनी जरूर शिकावा.

भटक्या_जीव

मावशी, दंडवत! तुमच्या डु-बा-डु-बाला माझ्याकडून एक नाच राखून ठेवा.

रानवारा

तालवेडा यांनी संगीत सांगितलं, मी जागेबद्दल लिहितो. मुग्धा म्हणते ते "ऐकू येणं" या नाचात मुळापासून आहे.

लिंडी हॉप १९२०च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये, तिथल्या कृष्णवर्णीय तरुण मुलामुलींनी घडवला. त्यांचं मोठं घर म्हणजे सॅव्हॉय बॉलरूम. १९२६ च्या मार्चमध्ये लेनॉक्स अॅव्हेन्यूवर १४० आणि १४१ क्रमांकाच्या रस्त्यांमधली अख्खी लांबी व्यापून ती उघडली. अमेरिकेत वर्णभेद कडक असतानाही तिथे गोरे आणि काळे एकाच फरशीवर नाचायचे. आत दोन रंगमंच होते. एक बँड थांबला की दुसरा सुरू, संगीतात खंड नाही. लाकडी फरशी इतकी झिजायची की दर दोन-तीन वर्षांनी बदलावी लागे.

या सगळ्यात महत्त्वाचं हे की संगीत समोर, जिवंत असायचं. वाजवणारे नाचणाऱ्यांना बघत होते, नाचणारे वाजवणाऱ्यांना ऐकत होते. तिथल्या घरच्या बँडचा म्होरक्या चिक वेब स्वतः ड्रम वाजवायचा. पाठीच्या कण्याच्या आजाराने त्याची उंची खुरटली होती, पण ११ मे १९३७ ला बेनी गुडमनचा नावाजलेला बँड त्याच्याशी सामना करायला सॅव्हॉयमध्ये आला तेव्हा बाजी वेबने मारली. त्या रात्री हजारो लोकांना बाहेरच थांबावं लागलं होतं. एला फिट्झजेराल्ड त्याच बँडची गायिका. १९३९ मध्ये वेब गेला आणि बँड तिच्या नावाने पुढे चालला.

आपण आज स्पीकरवर नाचतो. स्पीकर आपल्याकडे बघत नाही. म्हणून आपलं ऐकणं दुपटीने हवं. जमेल तेव्हा प्रत्यक्ष बँडवर नाचा, मोजणं एका रात्रीत निम्मं होईल. समोर ड्रमवाल्याचा हात वर गेलेला दिसतो, तो खाली येणार हे अंगाला कळतं.

केतकी७

रानवारा, माहिती छान आहे, पण खरंच विचारते, हा सगळा इतिहास नाचायला लागतो का? आमच्याकडे एक जण प्रत्येक वर्गाआधी वीस मिनिटं इतिहास सांगतो. लोक नुसते ताटकळत उभे. दिवसभराचं काम संपवून घाम गाळायला येतात, त्यांना नाचू द्या की.

रानवारा

वर्गाआधी वीस मिनिटं नको, हे शंभर टक्के मान्य. पण अजिबात नको असं म्हणालात तर मी भांडेन.

सॅव्हॉयमधला नर्तक फ्रँकी मॅनिंग, त्याचंच बघा. १९३५ च्या सुमारास फ्रीडा वॉशिंग्टन या जोडीदारणीबरोबर त्याने सॅव्हॉयच्या स्पर्धेत पहिल्यांदा हवेतला मूव्ह केला, तिला पाठीवरून उलटी घेऊन पुढे उतरवलं. तोवरचे लोक बरेचसे ताठ उभे राहून नाचायचे, हा धावपटूसारखा पुढे झुकून, जमिनीला समांतर होऊन नाचू लागला. आज आपल्याला वर्गात "गुडघे सैल, अंग खाली" असं सांगतात ते तिथून आलंय. मग दुसरं महायुद्ध आलं, मुलं सैन्यात गेली. १९४४ मध्ये अमेरिकन सरकारने नाचाच्या जागांवर ३० टक्के कर बसवला. तो पुढे उतरवला खरा, पण बऱ्याच मालकांना नाचाची फरशी बंद करून नुसतं बसून ऐकायला लावणं परवडू लागलं. संगीतही बदललं. सॅव्हॉय १९५८ मध्ये बंद झालं आणि नंतर पाडलं. आणि हा फ्रँकी तीस वर्षं टपाल खात्यात नोकरी करत राहिला.

१९८०च्या दशकात शिकायला उत्सुक तरुणांनी त्याला शोधून काढला. सत्तरी ओलांडलेला तो माणूस पुन्हा शिकवायला उभा राहिला आणि नव्वदीतही जगभर फिरत होता. २००९ मध्ये, पंचाण्णव पूर्ण व्हायला महिनाही उरला नव्हता तेव्हा तो गेला. २६ मे हा त्याचा वाढदिवस जगभर लिंडी हॉप दिन म्हणून नाचून साजरा होतो. त्याची सहकारी नॉर्मा मिलर २०१९ पर्यंत होती.

ज्यांच्याकडून ही गोष्ट आपल्या हातात आली त्यांची नावंही आपल्याला ठाऊक नसावीत, हे मला पटत नाही. पाच मिनिटं पुरतात, पण ती हवीत.

केतकी७

टपाल खात्याचं मला खरंच माहीत नव्हतं. पाच मिनिटांवर तह मंजूर.

भटक्या_जीव

अवांतर: लिंडी हे नाव चार्ल्स लिंडबर्गवरून पडलं म्हणतात ना? १९२७ मध्ये त्याने एकट्याने विमानातून अटलांटिक ओलांडला आणि वर्तमानपत्रं "लिंडीची उडी"ने भरली होती.

रानवारा

हो, सर्वांत जास्त सांगितली जाते ती गोष्ट हीच. शॉर्टी जॉर्ज स्नोडन या नर्तकाने एका नाचाच्या मॅरेथॉनमध्ये हे नाव उच्चारलं असं सांगतात.

अवि

मी थोडं कडू लिहितो, माफ करा.

मी पहिल्यांदा ज्या गटात गेलो तिथून चार महिन्यांत बाहेर पडलो. एक जुना सभासद सोशलला नाचता नाचता मला थांबवून शिकवायचा. "हात असा नाही, असा." प्रत्येक गाण्यात. मी विचारलेलं नसायचं. मला तेव्हा मोजणं मुग्धासारखंच होतं, त्यात ही भीती की आता हा थांबवणार. एका रात्री गाणं अर्ध्यावर सोडून घरी आलो आणि दोन वर्षं नाचलोच नाही.

नंतर दुसऱ्या गटात गेलो. तिथे दारातच सांगतात: शिकवणं वर्गात, फरशीवर फक्त नाच. कुणी दुखापत होईल असं काही करत असेल तरच बोलायचं. त्या एका नियमाने मी टिकलो. मुग्धा, तुझ्या गटात असं कुणी असेल तर मोजणं थांबायला वेळ लागणारच. कुणी तपासतंय असं वाटलं की माणूस आकड्यांना धरून ठेवतो.

चंद्रकोर

अवि, हे लिहिलंत ते बरं केलंत. आमच्या गटातही हा नियम आहे. त्याच्या जोडीला आणखी दोन आहेत. नाचायला नकार द्यायला कारण द्यावं लागत नाही, "आत्ता नको, धन्यवाद" एवढं पुरे, आणि समोरच्याने त्यावर पुढे विचारायचं नाही. दुसरा, सोशलच्या फरशीवर उचलाउचली बंद. हवेतले मूव्हज स्पर्धेत किंवा मोकळ्या कोंडाळ्यात, तेही आधी ठरवून, बरोबर सराव केलेल्या माणसाशीच. माझ्या शेजारी एकाचा बूट दुसऱ्याच्या कपाळाला लागलेला मी पाहिलाय.

ओंकार_देव

आणि जादाचा शर्ट! नाचघरात येताना एक टॉवेल आणि दोन कोरडे शर्ट. माझ्या लेखी हा पहिला नियम आहे.

निशिगंध

आले एकदाची. फॉलोच्या बाजूने लिहिते.

पहिली गोष्ट, फॉलो म्हणजे मागे मागे जाणं, ही समजूत कृपया सोडा. माझ्याकडेही गाणं आहे, माझेही पाय आहेत. स्विंगआउटमध्ये पाच-सहाला हात मोकळा होतो आणि मी बाहेर जाते तेव्हा सात-आठला मी काय करायचं ते माझं असतं. तिथे मी ट्रिपल करीन, दोन्ही टाचा वळवीन, नाहीतर एक पाऊल गाळून टाकीन. चांगला लीड तेवढी जागा ठेवतो आणि मी जे केलं त्याला पुढच्या एकला उत्तर देतो.

दुसरी, आणि मुग्धा, ही तुझ्यासाठी. मोजणारा हात मला कळतो. खरंच कळतो. तो ठोक्याच्या किंचित आधी येतो, कारण तुझं मन पुढच्या आकड्यावर पोचलेलं असतं. बोटं आवळली जातात. आणि ताण, म्हणजे दोघांमधली ती लवचीक ओढ, तयारच होत नाही. स्विंगआउटच्या सुरुवातीला आपण दोघी रॉक स्टेप घेऊन एकमेकींपासून मागे जातो तेव्हा हातात रबरासारखी ओढ यायला हवी. ती यायला अर्धा क्षण लागतो. मोजणारा लीड तो अर्धा क्षण देत नाही, ओढ यायच्या आधीच आत बोलावतो. मग मला माझ्या वजनाने येता येत नाही, घाईने पळत यावं लागतं.

म्हणून माझं सांगणं: मोजणं थांबवायचा प्रयत्न करूच नकोस. लक्ष दुसरीकडे ने. गाणं लागल्यावर लगेच पाय उचलू नकोस. समोरच्याचे हात धरून नुसतं उभी राहा आणि एक तुकडाभर फक्त उसळी घे. गुडघ्यातून, खाली-वर, खाली-वर. समोरच्याची उसळी तुझ्या हातात जाणवेपर्यंत. जाणवली की मग निघ. आणि नाचताना "आता कितवा आकडा" असं मनात आलं की स्वतःला विचार, "हिचं वजन आत्ता कुठल्या पायावर आहे?" याचं उत्तर आकड्यांतून मिळत नाही, हातातूनच मिळतं.

तालवेडा

निशिगंध, हे मी कापून ठेवतोय. ठोक्याच्या आधी येणारा हात हे अगदी बरोबर पकडलंत. नवीन ड्रमर घाई करतो त्याचं कारणही तंतोतंत हेच असतं.

हेरंब

उसळीबद्दल पूर्ण अनुमोदन. माझं ट्रिपल स्टेपचं म्हणणंही सोडत नाही. :)

सुमनमावशी

निशिगंधने सांगितलं ते करून बघ गं. आणि एकदा फॉलोच्या रांगेतही उभी राहा. मी दोन्ही बाजू नाचते. सगळ्यांनी निदान महिनाभर दुसरी बाजू करावी असं माझं ठाम मत आहे. आपण दुसऱ्याला काय देतो ते तेव्हाच कळतं.

भटक्या_जीव

मी नोकरीमुळे सारखा फिरतो आणि जाईन तिथे स्विंगचा गट शोधतो. भाषा येत नाही अशा ठिकाणीही हात पुढे केला की तीन मिनिटं गप्पा होतात. स्वीडनमधल्या हेरेंगला एकदा जाऊन आलो. लहानसं गाव, पण १९८२ पासून तिथे उन्हाळ्यात नाचाचं शिबिर भरत आलंय. पहाटेपर्यंत नाच चालतो.

तिथे एका बाईबरोबर नाचलो, आम्हा दोघांची एकही भाषा समान नव्हती. तिला माझे मूव्हज ओळखीचे नव्हते, मला तिचे नव्हते. मध्यावर आम्ही दोघांनी हात सोडले आणि समोरासमोर शिम शॅमची पावलं टाकायला लागलो. ती सगळ्यांना येतात ना, १९२०च्या दशकातल्या टॅपवाल्यांची, म्हणजे बुटांनी ताल वाजवत नाचणाऱ्यांची, देणगी. मुग्धा, तुला तो एकट्याने नाचायचा शिम शॅम येत असेल तर जोडीच्या नाचातही वापर. हात सोडून एकेकट्याने नाचणं यात पूर्ण बसतं. आणि हात सुटला की लीड करायची जबाबदारीही घटकाभर सुटते.

केतकी७

मला हे आवडलं. हात सोडायची परवानगी असते हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

मुग्धा_र

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी परत लिहितेय, कारण करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

तालवेडांनी सांगितलं तसं एकच गाणं धरलं आणि रोज जाता-येता ऐकलं. अकराव्या-बाराव्या दिवशी ब्रिज येण्याआधी मान आपोआप वर झाली. ओंकारचं चार मूव्हजचं बंधन पाळलं. सुमनमावशी, दोन आठवडे फॉलोच्या रांगेतही उभी राहिले. पहिल्याच संध्याकाळी एका लीडने मला घाईने आत ओढलं आणि निशिगंधचं वाक्य दंडात कळलं. मी हेच करत होते सगळ्यांना.

काल सोशल होता. प्रत्येक नाच उसळी घेत सुरू केला. मोजणं थांबलं का? नाही. जलद गाण्यांत अजून तसंच चालू आहे, दोनदा तर मोठ्याने मोजत होते असं समोरच्याने सांगितलं. पण एका मध्यम लयीच्या गाण्यात, ओळखीचं नव्हतं तरी, मी सहाचं वळण घेतलं आणि माझा "एक" गाण्याच्या "एक"पासून निसटला. दर वेळी तिथे पोटात गोळा येतो. काल तो आला नाही. मी समोरच्या मुलीचं वजन कुठे आहे ते बघत होते, ते डाव्या पायावर होतं, म्हणून थांबले. मग ती आली. आम्ही कुठल्या आकड्यावर होतो ते मला आत्ताही सांगता येणार नाही.

तो जुना सभासद काल आला नव्हता. तो आला की तेच गाणं लावायला सांगणार आहे.

एक राहिलं. वळताना माझा उजवा गुडघा दुखायला लागलाय. साध्या रबरी तळाच्या बुटांत नाचते. त्याचा काही संबंध असेल का?

हेरंब

संबंध आहे. रबरी तळ जमिनीला धरून ठेवतो, अंग वळतं आणि पाय तिथेच राहतो, मग सगळा पीळ गुडघ्यावर. स्वेडचा (मखमली पोताचं चामडं) किंवा गुळगुळीत चामड्याचा तळ हवा. आहेत त्याच बुटांना मोचीकडून स्वेड लावून घेता येतो. फक्त ते बूट घालून रस्त्यावर चालू नका, ओल लागली की स्वेड जातो. पिशवीत नेऊन तिथेच बदला. आणि वळताना वजन टाचेवर ठेवू नका, चवड्यावर घ्या. पंधरवड्यात दुखणं कमी झालं नाही तर डॉक्टरांना दाखवा, त्यात चालढकल नको.

सुमनमावशी

आणि तोवर वळणं कमी कर, बॅल्बोआ शीक. गुरुवारी सांगते कुठून सुरुवात करायची ते.